प्रतिस्पर्ध्याला अण्वस्त्रविषयक माहिती देण्यावरची बंधने : अमेरिकी कायद्यातली तरतूद कशी वाचावी

अमेरिकी काँग्रेसने रशियाला अण्वस्त्रांविषयीची माहिती देण्यास बंदी केली, अशा आशयाची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. ही बातमी सहसा खोटी नसते, पण ती अपुरी असते. कारण मूळ कायद्यात बंदीचे वाक्य जिथे असते तिथेच, त्याच्या मागेपुढे, ती बंदी कोणत्या खात्याच्या पैशांवर आहे, कोणत्या माहितीपुरती आहे, ती कोणाला उठवता येते आणि कोणत्या तारखेला ती आपोआप संपते, हेही लिहिलेले असते. आंतरराष्ट्रीय संबंधांचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार आणि वृत्तसंस्थांच्या मजकुरावरून मराठी बातमी तयार करणारे उपसंपादक यांना अशी तरतूद स्वतः वाचता यावी, या हेतूने पुढचे विवेचन केले आहे. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. चिकाटी मात्र लागते, कारण या कायद्यांतले एकेक वाक्य अर्ध्या पानाचे असू शकते.

आधी तरतूद कोणत्या कायद्यात आहे ते पाहावे

या विषयावरची बंधने एकाच कायद्यात नाहीत. सर्वांत जुना आणि सर्वांत खोल थर अणुऊर्जा कायद्याचा आहे. पहिला अणुऊर्जा कायदा १९४६ चा. त्याची जागा १९५४ च्या कायद्याने घेतली आणि तोच, अनेक दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे. अण्वस्त्राची रचना, त्याचे उत्पादन, विखंडनक्षम द्रव्याची निर्मिती यांविषयीची माहिती कोणी शिक्का मारण्याआधीच, जन्मतःच, गोपनीय असते, असे तत्त्व या कायद्याने रुजवले. दुसरा थर अमेरिकी संहितेच्या (संघीय कायद्यांच्या एकत्रित संग्रहाच्या) दहाव्या शीर्षकाचा (मोठ्या विभागाचा), म्हणजे सैन्यदलांविषयीच्या कायम कायद्यांचा. तिसरा थर दरवर्षी मंजूर होणाऱ्या संरक्षण प्राधिकार कायद्याचा. हा वार्षिक कायदा हजार-हजार पानांचा होतो. परराष्ट्रांशी संबंधित बाबी त्याच्या बाराव्या शीर्षकात आणि अण्वस्त्रे, क्षेपणास्त्र संरक्षण, अवकाश या बाबी सोळाव्या शीर्षकात शोधाव्यात. बातमीत ज्या तरतुदीचा उल्लेख असतो ती बहुधा या दोहोंपैकी एका ठिकाणी सापडते.

हा थर ओळखणे महत्त्वाचे आहे. वार्षिक कायद्यातली तरतूद अनेकदा त्या एका आर्थिक वर्षापुरती असते. दहाव्या शीर्षकात गेलेली तरतूद बदल होईपर्यंत टिकते. आणि अणुऊर्जा कायद्यातले बंधन तर रशियापुरते किंवा चीनपुरते नसून अवघ्या जगाला लागू आहे, मित्रांनाही. या शेवटच्या मुद्द्याचा इतिहास मोठा बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात खांद्याला खांदा लावून काम करत होते आणि १९४३ च्या क्वेबेक करारात दोन्ही देशांनी एकमेकांना शब्दही दिले होते. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १ ऑगस्ट १९४६ रोजी सही केलेल्या कायद्याने मात्र ही देवाणघेवाण थांबली. रहस्य सोव्हिएत संघाच्या हाती लागू नये, ही भीती होती; दार बंद झाले ते लंडनच्या तोंडावर. ब्रिटनने मग स्वतःच्या बळावर ३ ऑक्टोबर १९५२ रोजी पहिली चाचणी केली आणि अमेरिकी कायदा दुरुस्त होऊन दोन देशांत परस्पर संरक्षण करार व्हायला ३ जुलै १९५८ उजाडावे लागले.

मग पैसा कोणाचा, हे पाहावे

आता एक नमुना समोर ठेवू. अमेरिकी संहितेच्या दहाव्या शीर्षकात '१३०एच' या क्रमांकाचे कलम आहे. क्षेपणास्त्र संरक्षणाची माहिती आणि प्रणाली यांच्यावरची बंधने त्यात एकत्र केली आहेत. शुद्ध अर्थाने क्षेपणास्त्र संरक्षण म्हणजे अण्वस्त्र नियंत्रण नव्हे, हे खरे. पण गेल्या दोन दशकांत वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यातली अण्वस्त्र कपातीची बोलणी ज्या मुद्द्यावर वारंवार अडली तो हाच, म्हणून या कलमापासून सुरुवात करणे सोयीचे. त्याच्या पहिल्या उपकलमाचा आशय असा : कोणत्याही आर्थिक वर्षासाठी संरक्षण खात्याला मंजूर झालेला किंवा अन्य मार्गाने उपलब्ध झालेला कोणताही निधी, थेट आदळून लक्ष्य नष्ट करण्याचे तंत्रज्ञान आणि इंटरसेप्टरांची (चालून येणारे क्षेपणास्त्र वाटेतच पाडणाऱ्या क्षेपणास्त्रांची) किंवा चाचणीतल्या लक्ष्यांची टेलीमेट्री (उड्डाणात यंत्राने पाठवलेली मोजमापे) रशियन संघराज्याला पुरवण्यासाठी वापरता येणार नाही.

या वाक्यात 'माहिती देऊ नये' असे कुठेही म्हटलेले नाही. म्हटले आहे ते 'त्यासाठी पैसा वापरू नये' असे. भारतीय वाचकाला हे द्राविडी प्राणायामासारखे वाटेल, पण त्यामागे राज्यघटनेचे गणित आहे. परराष्ट्र व्यवहार हा आपला प्रांत आहे, असा अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचा दावा असतो, आणि न्यायालये त्या वादात पडायला फारशी उत्सुक नसतात. तिजोरीची किल्ली मात्र निर्विवादपणे काँग्रेसकडे आहे. कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघणार नाही, असे घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात लिहिलेले आहे. त्यामुळे राष्ट्राध्यक्षाला 'बोलू नका' असे सांगण्याऐवजी काँग्रेस 'बोलण्यासाठी छदामही मिळणार नाही' असे सांगते. माहिती गोळा करणारा अधिकारी, तिचे भाषांतर करणारा कर्मचारी, ती पोचवायला जाणारे विमान, सगळेच पगारावर आणि निधीवर चालते. निधी नाही तर काम नाही. मंजुरीबाहेर खर्च करणाऱ्या अधिकाऱ्यावर वेगळ्या कायद्याखाली शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंतची कैदही त्या कायद्यात आहे.

म्हणून अशा कलमात कर्ता आणि क्रियापद शोधण्याआधी खात्याचे नाव शोधावे. वरच्या कलमात ते संरक्षण खाते आहे. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या अण्वस्त्रविषयक सूचना ज्या केंद्रातून जातात ते अणुधोका निवारण केंद्र मात्र परराष्ट्र खात्यात आहे. १५ सप्टेंबर १९८७ च्या करारातून ते उभे राहिले. फक्त संरक्षण खात्याच्या निधीवर बंदी असेल, तर टपाल पोचवणारे कार्यालय कायद्याच्या कचाट्याबाहेर राहते आणि पत्र लिहून देणारे कार्यालय आत सापडते. क्षेपणास्त्रे कुठे आहेत हे मुळात संरक्षण खात्यालाच माहीत असल्यामुळे प्रत्यक्षात परिणाम तोच होतो, असे म्हणता येईल. पण 'अमेरिकी सरकारला मनाई' आणि 'संरक्षण खात्याच्या निधीला मनाई' ही दोन विधाने एकच नव्हेत, आणि बातमी लिहिताना दुसरे लिहावे.

कोणती माहिती, याचा बारकाईने शोध घ्यावा

'१३०एच' कलमाचे दुसरे उपकलम दोन गोष्टींना बंदी करते. एक म्हणजे गोपनीय किंवा अन्य प्रकारे नियंत्रित अशी क्षेपणास्त्र संरक्षणाची माहिती. हा भाग अपेक्षित आहे. दुसरी गोष्ट मात्र एका विशिष्ट आकड्याची आहे : इंटरसेप्टरचा आणि लक्ष्याचा, इंधन जळून संपण्याच्या क्षणीचा वेग. एखाद्या देशाच्या संसदेने एका भौतिक राशीचे नाव कायद्यात लिहावे, हे विरळाच. त्यामुळे इथे थोडे थांबून त्यामागचे कारण समजून घ्यावे.

इंटरसेप्टरचे इंजिन बंद झाल्यावर तो केवळ त्या क्षणी मिळवलेल्या वेगावर पुढे जातो. तो वेग कळला, की तो किती उंचीपर्यंत आणि किती दूरपर्यंत, किती वेळात पोचू शकेल, याचे गणित मांडता येते. सप्टेंबर २००९ मध्ये ओबामा सरकारने युरोपात टप्प्याटप्प्याने क्षेपणास्त्र संरक्षण उभारण्याची योजना जाहीर केली. रुमानियातल्या देवेसेलू आणि पोलंडमधल्या रेडझिकोवो इथले तळ त्याच योजनेचे. हे इंटरसेप्टर इराणची क्षेपणास्त्रे अडवण्यासाठी आहेत, असे अमेरिका म्हणत होती; त्यांच्या पुढच्या आवृत्त्या आपली आंतरखंडीय क्षेपणास्त्रेही गाठतील, अशी शंका रशिया घेत होता. ही शंका दूर करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तो वेगाचा आकडाच दाखवणे : हा पाहा वेग, यात तुमचे क्षेपणास्त्र गाठता येते का ते तुम्हीच मोजा. काँग्रेसमधल्या विरोधकांचे म्हणणे नेमके उलटे होते. ज्या आकड्याने रशियाची खात्री पटेल त्याच आकड्यावरून इंटरसेप्टरला चकवण्याची युक्तीही निघेल, आणि रशियाला कळलेली गोष्ट तेहरानला कळणार नाही याची हमी कोण देणार? दोन्ही बाजूंचे म्हणणे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. या विषयातली बहुतेक भांडणे अशीच आहेत : विश्वास निर्माण करणारी माहिती आणि धोका निर्माण करणारी माहिती पुष्कळदा एकच असते. शेवटी मार्च २०१३ मध्ये त्या योजनेचा चौथा टप्पा, म्हणजे ज्याच्या वेगाची रशियाला सर्वाधिक धास्ती होती तोच इंटरसेप्टर, अमेरिकेने रद्द केला. आकड्यावरची बंदी मात्र कायद्यात राहिली.

माहितीचे वर्णन वाचताना 'गोपनीय' या विशेषणाकडेही लक्ष द्यावे. ते असेल, तर गोपनीय नसलेली माहिती देता येते. आणि कोणती माहिती गोपनीय हे बहुतांशी सरकारच ठरवत असल्यामुळे, शिक्का काढला की बंदीही निघते. वेगाच्या आकड्याला हे विशेषण लावलेले नाही. तो शिक्का काढूनही देता येत नाही, आणि ही पळवाट बुजवण्यासाठीच कलमाची रचना अशी केली असावी, असे ते वाचताना जाणवते. उलट, सगळ्या जगासमोर छापून प्रसिद्ध केलेली माहिती रशियालाही मिळतेच. पण ती 'रशियाला पुरवली' असे म्हणायचे का, हा प्रश्न अशा बहुतेक कलमांत अनुत्तरित असतो. ३ मे २०१० रोजी अमेरिकेने आपल्या साठ्यात ५,११३ अण्वस्त्रे असल्याचे स्वतःहून जाहीर केले होते, ते प्रतिस्पर्ध्यांसकट सर्वांना.

अपवाद वगळून बंदी वाचू नये

त्याच कलमात एक छोटे उपकलम आहे : क्षेपणास्त्र हल्ल्याच्या पूर्वसूचनेविषयीची माहिती रशियाला देण्यास ही बंदी लागू नाही. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमके हेच सुटते. २५ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेच्या आन्दोया बेटावरून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी सोडलेले एक रॉकेट रशियन रडारवर पाणबुडीतून सुटलेल्या क्षेपणास्त्रासारखे दिसले आणि रशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्रांची 'ब्रीफकेस', म्हणजे हल्ल्याचा आदेश देण्याची पेटी, उघडली गेली. नॉर्वेने पूर्वसूचना दिली होती. ती रशियात योग्य टेबलापर्यंत पोचली नव्हती. अशा प्रसंगी प्रतिस्पर्ध्याला माहिती देणे हा उदारपणा नसतो, ते स्वतःचेच संरक्षण असते, आणि रशियाविषयी कमालीच्या साशंक असलेल्या काँग्रेसनेही ही खिडकी उघडी ठेवली आहे.

चीनबाबतच्या कायद्यातही हाच सांगाडा दिसतो. २००० या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्याने चिनी सैन्याशी होणाऱ्या भेटीगाठींवर मर्यादा घातल्या आणि बारा विषयांची यादी दिली. 'अण्वस्त्रांशी निगडित लष्करी कारवाया' हा त्यातला दुसरा विषय. बचावकार्य आणि मानवतावादी मदत यांना सूट आहे. हा कायदा भेट घेण्यास मनाई करत नाही, 'अनुचित दर्शन' घडवण्यास करतो, आणि अनुचित म्हणजे काय हे ठरवण्याचे काम संरक्षणमंत्र्यांवर सोडतो.

अट, मुदत आणि सही करतानाचे निवेदन

सगळ्या तरतुदी बंदीच्या नसतात. काही फक्त अडथळा उभा करतात. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे २०१२ या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्याचे १२४४ वे कलम. क्षेपणास्त्र संरक्षणाची गोपनीय माहिती रशियाला द्यायची असेल, तर राष्ट्राध्यक्षाने ६० दिवस आधी काँग्रेसला अहवाल द्यावा आणि कोणती माहिती देणार याचे तपशीलवार वर्णन त्यात करावे, अशी ही अट होती. वरवर पाहता हे केवळ कळवण्याचे बंधन आहे. पण दोन महिने आधी काँग्रेसच्या समित्यांना कळवलेली गोष्ट वॉशिंग्टनमध्ये गुपित राहत नाही, आणि वाटाघाटींच्या टेबलावर दोन महिने हा फार मोठा काळ असतो. कळवण्याची अट पुष्कळदा बंदीचेच काम करते. फक्त तिचा ठपका कोणावर येत नाही.

अशा तरतुदीबरोबर आणखी एक कागद वाचावा लागतो, आणि तो कायद्याच्या पुस्तकात नसतो. ओबामा यांनी ३१ डिसेंबर २०११ रोजी या कायद्यावर सही करताना एक निवेदन प्रसिद्ध केले. काँग्रेसला माहिती देत राहण्याचा आपल्या सरकारचा इरादा आहे, पण परराष्ट्र व्यवहार चालवण्याच्या राष्ट्राध्यक्षाच्या घटनात्मक अधिकारात ढवळाढवळ होणार नाही आणि राजनैतिक संवादातली नाजूक माहिती विनाकारण उघड होणार नाही अशा रीतीनेच १२४४ व्या कलमाचा अर्थ लावला जाईल, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. म्हणजे सहीही केली आणि हातही राखून ठेवला. या निवेदनाला कायद्याचे बळ नाही, परंतु प्रशासन ते कलम कसे वापरणार हे त्यावरूनच कळते. त्याच सुमारास सिनेटर मार्क कर्क यांनी मायकेल मॅकफॉल यांची मॉस्कोतल्या राजदूतपदाची नेमणूक याच मुद्द्यावर, संरक्षणाची रहस्ये रशियाला देणार नाही असे आश्वासन मिळावे म्हणून, रोखून धरली होती. कायद्यात न लिहिलेले बंधन असेही घातले जाते. ते शोधायचे तर त्या वर्षीच्या नेमणुकांच्या बातम्या चाळाव्यात.

सूट देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे वाचताना पद नीट पाहावे. राष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री, की परराष्ट्रमंत्र्यांच्या संमतीने संरक्षणमंत्री? सूट 'राष्ट्रहितासाठी' आहे की 'राष्ट्रीय सुरक्षेसाठी अत्यावश्यक' असल्यास? पहिला निकष पार करणे सोपे, दुसरा अवघड. आणि प्रतिस्पर्धीही तीच माहिती देत आहे असे लेखी प्रमाणित करावे लागत असेल, तर सूट देण्याची किल्ली आपल्याच कायद्याने प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिलेली असते.

करार शेजारी ठेवून वाचावे

अण्वस्त्र नियंत्रणाची माहिती मुळात करारामुळे दिली जाते, म्हणून कायद्याबरोबर करारही उघडा ठेवावा लागतो. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या न्यू स्टार्ट या अण्वस्त्र कपातीच्या करारावर ८ एप्रिल २०१० रोजी प्रागमध्ये सह्या झाल्या, सिनेटने त्या वर्षीच्या २२ डिसेंबरला ७१ विरुद्ध २६ मतांनी संमती दिली आणि ५ फेब्रुवारी २०११ पासून तो अमलात आला. तैनात अण्वस्त्रे १,५५०, तैनात क्षेपणास्त्रे व बाँबफेकी विमाने ७००, तैनात व बिगरतैनात प्रक्षेपक आणि विमाने मिळून ८००, या मर्यादा सर्वांना ठाऊक असतात. त्या मर्यादा खऱ्या ठरवणारी यंत्रणा मात्र माहितीची होती : वर्षातून दोनदा आकडेवारी, वर्षाला कमाल १८ प्रत्यक्ष तपासण्या, चाचण्यांच्या टेलीमेट्रीची मर्यादित देवाणघेवाण, आणि एखादे क्षेपणास्त्र एका तळावरून दुसरीकडे हलवले तरी त्याची सूचना. २०२३ च्या सुरुवातीपर्यंत ३२८ तपासण्या झाल्या होत्या आणि २५ हजारांहून अधिक सूचना एकमेकांना दिल्या गेल्या होत्या.

पुतिन यांनी २१ फेब्रुवारी २०२३ रोजी करारातला सहभाग स्थगित केला. त्यानंतर अमेरिकेने काय केले, याचा क्रम लक्षपूर्वक पाहावा. मार्चमध्ये तिने सहामाही आकडेवारी देणे थांबवले. १ जून २०२३ पासून क्षेपणास्त्रे आणि प्रक्षेपक यांच्या स्थितीविषयीच्या व ठिकाणांविषयीच्या सूचना थांबवल्या, रशियन तपासनिसांचे व्हिसा रद्द केले आणि टेलीमेट्रीही बंद केली. हे सर्व काँग्रेसच्या कायद्याने झाले नाही. रशियाच्या कृतीला उत्तर म्हणून, आंतरराष्ट्रीय कायद्याच्या चौकटीतले प्रत्युपाय म्हणून, प्रशासनाने केले, आणि रशिया परतल्यास ते मागे घेता येतील अशी सोयही ठेवली. काँग्रेससमोरच्या संरक्षण विधेयकात न्यू स्टार्टखालच्या सूचनांसाठी निधी वापरण्यावर बंदीची मागणी आली तीही त्याच वर्षी. दोन्ही मार्गांनी माहिती थांबते, पण प्रशासनाने थांबवलेली माहिती दुसऱ्या दिवशी सुरू करता येते. कायद्याने थांबवलेली सुरू करायला कायदा किंवा त्यातली सूट लागते. बातमीत हा फरक दिसत नसेल, तर ती बातमी अपुरी समजावी.

यात एक गंमत आहे. आकडेवारी देणे थांबवल्यावर, मे २०२३ मध्ये, अमेरिकेने आपले ढोबळ आकडे स्वतःहून सर्वांसाठी प्रसिद्ध केले : १ मार्च २०२३ रोजी १,४१९ तैनात अण्वस्त्रे. मॉस्कोला ते इतर जगाबरोबर वाचायला मिळाले. 'पुरवणे' आणि 'प्रसिद्ध करणे' यांतला वर सांगितलेला फरक प्रत्यक्षात कसा दिसतो, त्याचा हा नमुना.

करार आणि नंतरचा कायदा यांच्यात विरोध आला, तर अमेरिकेच्या देशांतर्गत कायद्यात नंतरचा वरचढ ठरतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर मात्र करारभंगाची जबाबदारी तशीच राहते; 'आमच्या संसदेने मनाई केली' हे कारण तिथे चालत नाही.

कायद्याचे बंधन यंत्रात कसे उतरते

गोपनीयतेचा कायदा मोडायचा नाही आणि तरीही प्रतिस्पर्ध्याची खात्री पटवायची, यावर तंत्रज्ञांनी शोधलेला तोडगा माहीत असल्याशिवाय हा विषय पुरता कळत नाही. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिका आणि रशिया यांना एकमेकांची मोडीत काढलेली अण्वस्त्रे आणि त्यांतले प्लुटोनियम तपासायचे होते. अणुऊर्जा कायदा आड येत होता. १९९४ मध्ये काँग्रेसने त्या कायद्यात दुरुस्ती करून अशा देवाणघेवाणीला वाट मोकळी केली, पण त्यासाठी दोन देशांत जो वेगळा करार व्हायला हवा होता तो झालाच नाही. १९९६ ते २००२ या काळात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला सोबत घेऊन जो त्रिपक्षीय उपक्रम चालला, त्यात मग 'माहितीची भिंत' वापरायचे ठरले. बंद डब्यातून येणाऱ्या गॅमा किरणांचा आणि न्यूट्रॉनांचा आलेख उपकरण मोजते. तो आलेख कोणालाही दिसला तर अण्वस्त्राची रचना उघड होईल, म्हणून तो यंत्राच्या आतच राहतो. यंत्र तीन प्रश्नांची उत्तरे देते : प्लुटोनियम आहे का, त्यातल्या २४० व २३९ या समस्थानिकांचे प्रमाण ०.१ पेक्षा कमी आहे का, आणि वजन ठरलेल्या किमान मर्यादेपेक्षा जास्त आहे का. बाहेर दिसतो तो फक्त हिरवा किंवा लाल दिवा. कायद्याने 'माहिती' म्हटलेली गोष्ट दिव्याच्या आत राहिली आणि खात्री बाहेर आली. अर्थात तो दिवा खरेच त्या आलेखावरून लागतो की तंत्रज्ञाने तसा लावून ठेवला आहे, हा पुढचा प्रश्न उरतोच, आणि त्यावरचे काम आजही प्रयोगशाळांत चालू आहे.

भारताशी तुलना करताना

मराठी वाचकाला अमेरिकी काँग्रेसच्या कायद्याचे वजन नवे नाही. तारापूरचा १९६३ चा करार हातात असताना १९७८ च्या अमेरिकी कायद्याने इंधनाचा पुरवठा अडला आणि १९८२ मध्ये फ्रान्सकडे वळावे लागले. आपल्याकडची रचना मात्र वेगळी आहे, आणि अमेरिकी साचा इथे लावू नये. आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची संमती घेण्याची सक्ती भारतात नाही. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८ व्या कलमाने अणुप्रकल्पांविषयीची माहिती उघड करण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार दिला तो केंद्र सरकारला. त्या सरकारचे हात बांधण्यासाठी ते कलम नव्हते. ३१ डिसेंबर १९८८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुसंस्थांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतरच्या जानेवारीतही त्या दिल्या गेल्या. त्या याद्या लोकांसाठी प्रसिद्ध होत नाहीत : प्रतिस्पर्ध्याला सांगितलेली गोष्ट स्वतःच्या नागरिकाला सांगितली जात नाही, ही या क्षेत्रातली नेहमीची विसंगती इथे फार ठळकपणे दिसते.

तारीख शेवटी तपासावी, पण तपासावीच

'१३०एच' कलमाच्या शेवटी ते केव्हा संपते याची तारीख आहे, आणि नंतरच्या कायद्यांनी ती पुढे नेली आहे. त्यामुळे कलमाची पहिली प्रत वाचून निष्कर्ष काढू नये. अमेरिकी संहितेच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक कलमाखाली दुरुस्त्यांची जंत्री असते. कोणत्या वर्षीच्या कायद्याने कोणता शब्द बदलला हे तिथे एका ओळीत सापडते, आणि तारीख त्या जंत्रीवरून घ्यावी.

कराराची तारीखही त्याबरोबर पाहावी. न्यू स्टार्टमध्ये एकाच मुदतवाढीची सोय होती. ती २०२१ मध्ये वापरली गेली आणि तिची हद्द ५ फेब्रुवारी २०२६ ही होती. 'करारानुसार आवश्यक असलेल्या सूचना' देण्यास मनाई करणारे वाक्य कुठेही आढळले, तर करार संपल्यावर त्या वाक्याला धरायला काही उरत नाही, कारण आवश्यक अशा सूचनाच उरत नाहीत. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातला ३१ मे १९८८ चा करार मात्र स्वतंत्र आहे : सामरिक क्षेपणास्त्र सोडण्याआधी किमान २४ तास, नियोजित तारीख, सोडण्याचे क्षेत्र आणि पडण्याचे क्षेत्र कळवावे, असे त्यात म्हटले आहे. त्याला न्यू स्टार्टसारखी संपण्याची तारीख नाही. २०२३ मध्ये न्यू स्टार्टखालच्या सूचना थांबवल्या तेव्हाही, या जुन्या कराराखालची सूचना देत राहू असे अमेरिकेने सांगितले होते. नवी तरतूद हाती आली की तिच्यात या १९८८ च्या सूचनांना हात लावला आहे का, हे वेगळे तपासावे.